शाळेचं रजिस्टरही सातबाऱ्यासारखं वाचा

(शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभासदांसाठी झालेल्या शिबिरातलं दुपारचं भाषण. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)



बायांनो, भावांनो, सकाळपासून आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोललो. कुणाचा प्लॉट कमी मोजला, कुणाचा दावा उपविभागीय समितीत अडकला, कुणाला पोच मिळाली नाही. आता जेवणं झालीत, मागच्या ओळीत एक-दोघे पेंगायला लागलेत, आणि मला शाळेवर बोलायला सांगितलंय. शाळा म्हटली की आपण दोनच गोष्टी बोलतो. गुरुजी येत नाहीत, आणि पोरं जात नाहीत. दोन्ही खऱ्या आहेत. पण मी आज बोलणार आहे ते शाळेच्या कपाटातल्या वह्यांवर.

जमिनीच्या लढ्यात आपण सातबारा वाचायला शिकलो. आधी तलाठी वाचायचा आणि आपण मान हलवायचो. आता इतर हक्कात काय लिहिलंय, पीकपाहणीला कुणाचं नाव लागलंय, ते आपली सातवी शिकलेली पोरगी बोट ठेवून सांगते. शाळेचंही तसंच आहे. दुपारचा भात, पुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, पोराला जे जे मिळायचं ते कुठल्या तरी रजिस्टरातल्या एका ओळीवर टांगलेलं असतं. ती ओळ लिहितात तेव्हा आपण तिथे नसतो. चुकली तर कळतं दहा वर्षांनी.

सगळ्यात महत्त्वाचं रजिस्टर दाखल-खारीजचं. गुरुजी त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. पोर पहिलीत आलं की नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जन्माचं गाव आणि जात त्यात चढते. आपल्या पाड्यांत निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तुम्हाला माहीत आहे. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजींनी पोराकडे बघून सहा वर्षं मोजली आणि १ जून लिहून टाकलं. तारखेला आपण हसतो, हसू दे. जातीच्या रकान्याला हसून चालत नाही.

सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत महादेव कोळी आहेत, मल्हार कोळी आहेत. गुरुजींनी घाईत नुसतं ‘कोळी’ लिहिलं की कागदावर ते पोर आदिवासी उरत नाही. नुसतं ‘ठाकूर’ लिहिलं की पुढे पडताळणी समिती विचारते, कुठले ठाकूर? शेजारच्या गावातली एक मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. नर्सिंगला नंबर लागत होता. बापाच्या दाखल्यावर ‘कोळी’, काकाच्या दाखल्यावर ‘महादेव कोळी’. दोन सख्खे भाऊ, एक आई, एक चूल, आणि दोन जाती! समितीपुढे हेलपाटे घालण्यात तिचं ते वर्ष गेलं. बापाचं नाव लिहिणारे गुरुजी केव्हाच रिटायर झाले.

जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे आज्याचा कागद. आपला आजा तेव्हा कुठल्या शाळेत होता? सावकाराच्या वाडीवर गवत कापत होता. म्हणून एखाद्या घरातला म्हातारा दोन इयत्ता शिकला असेल तर त्याच्या एका दाखल्यावर आज सगळी भावकी उभी आहे. आणि ते जुनं रजिस्टर शाळेच्या कपाटात वाळवी खातेय. आपल्या आज्या-बापांची नावं त्यात असतील तर उतारा मागून घ्या, शिक्का-सहीचा. आधी मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा.

हे मी इथे का सांगतोय? कारण हाच जातीचा दाखला आपण वनहक्काच्या दाव्याला जोडतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजासहजी जाऊ नये म्हणून जो कायदा आहे, त्याचा आधारही जातीवरच आहे. पहिलीच्या वर्गात केलेली चूक अशी वावरापर्यंत येते. चूक दुरुस्त करायची तर पोर शाळेत शिकत असतानाच अर्ज द्या. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

आता हजेरी. दिवाळी झाली की आपली माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, पोरं बरोबर जातात. मग हजेरीच्या वहीत काय होतं? काही ठिकाणी ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारून नाव काढून टाकतात. आणि काही ठिकाणी उलटं. पोर भट्टीवर विटा उलटत असतं आणि वहीत हजर असतं. त्याच्या नावाचा तांदूळ शिजतो, कोण खातं ते विचारू नका. २०११ च्या ऑक्टोबरात सगळ्या राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली, आठवतं ना? तेव्हा सुमारे २० लाख नावं नुसती कागदावरची निघाली. हा धंदा किती मोठा, ते त्यावरून समजा.

दोन्हीत मार आपल्याच पोराला. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. भट्टीच्या जवळ जी शाळा असेल तिने त्याला घेतलंच पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला आणला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलं, जन्माचा कागद नाही, ही कारणंही चालत नाहीत. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे पडलं असेल तर वेगळं शिकवायचं, हेही त्यातच लिहिलंय. भट्टीचा मुकादम हे सांगणार नाही. त्याला पोराचे हात पाहिजेत.

यापेक्षा बरं म्हणजे पोराने गावातच राहणं. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आईबाप कामाला गेले तरी पोर आजीजवळ राहतं, शाळा असते आणि जेवण तिकडून मिळतं. पण ही सोय आपोआप येत नाही. कोण कोण जाणार, कुणाची किती पोरं, ही यादी करून समितीने मागणी करावी लागते. आणि यादी माणसं जायच्या आधी पाहिजे. दिवाळीनंतर केली तर गाव रिकामं, यादी कुणाची करणार? नवरात्रातच करा.

भाताचं थोडक्यात सांगतो, ते बायांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. वर डाळ, भाजी. आधी घरी न्यायला महिन्याचे ३ किलो तांदूळ द्यायचे. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने हुकूम केला की शिजवलेलं जेवणच द्या. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही. आज पन्नास पोरं आली तर पाच किलो तांदूळ पातेल्यात पडायला पाहिजे. बाईला पातेल्याकडे बघून कळतं पाच किलोचा भात केवढा होतो. पोरांना वाढायच्या आधी चव घेऊन त्याची नोंद करायची असते. ती चव आपल्या समितीतल्या बाईने घ्यावी.

आणि एक जुनी गंमत. आपल्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून १९९२ पासून पहिली ते चौथीच्या गरीब आदिवासी मुलींना उपस्थिती भत्ता आहे. रोजचा एक रुपया. १९९२ मध्ये एक रुपयाला काय यायचं ते म्हाताऱ्यांना विचारा, आज काय येतं ते पोरींना विचारा. तरीही तो रुपया मागा. वर्षाच्या शेवटी दोनशेच्या आसपास होतात, आणि मागितला की हजेरीची वही उघडावी लागते. मला त्या रुपयापेक्षा ती वही उघडलेली पाहिजे.

मोठ्या पोरांच्या वसतिगृहात सरकारने जेवण बंद करून पैसे खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा २०१८ च्या जुलैत पोरं पुण्याहून नाशिकला आदिवासी आयुक्तालयाकडे पायी निघाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पैसे उशिरा येतात, पोट उशिरा भुकेजत नाही. खात्यात टाकले की जबाबदारी संपली, असं ज्याला वाटतं त्याने महिनाभर वसतिगृहात राहून बघावं.

कुणी म्हणेल, सरकारला एवढं सगळं कसं जमणार, डोंगरात, पाड्यापाड्यात? तर आपल्याच भागात जमलेलं आहे. १९४५ साल आठवा. आपल्या म्हाताऱ्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडायला सुरुवात केली ते साल. त्याच साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्याबरोबर ते डहाणूजवळ कोसबाडला नेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडी झोपडीच्या अंगणात नेली. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात भरवली. कुरणशाळाच नाव त्याचं. आज आपल्याला उलटं सांगतात, पट कमी आहे, शाळा बंद करतो, पोरं पाठवा पुढच्या गावात. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघाली होती. नियम काय आहे? पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा, आठवीपर्यंत तीन. आणि जिथे देता येत नाही तिथे पोरांना न्यायची-आणायची सोय सरकारने करायची. हे अंतर ऑफिसात नकाशावर सरळ रेघ मारून मोजतात. रेघेला ओहोळ लागत नाही. आपल्या सहा वर्षांच्या पोराला लागतो, आणि आषाढात त्याला कमरेवर पाणी असतं. म्हणून मोजणीला आले की आपण बरोबर चालायचं, दाव्याच्या मोजणीला चालतो तसंच.

शाळेला इमारत नाही कारण जागा फॉरेस्टची, हे उत्तर वनगावांत अजून देतात. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून दाखवा. गावाच्या १३ सोयींसाठी वनजमीन देता येते, आणि त्या यादीत पहिलंच नाव शाळेचं आहे. अंगणवाडीही आहे. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ग्रामसभा म्हणजे आपणच. ठराव आपण करायचा आहे, तो कुणी वरून पाठवणार नाही.

आता शेवटचं, समितीचं. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या बाया. इथे बसलेल्या किती जणींना माहीत आहे की त्या सभासद आहेत? बघा, हात किती थोडे वर आले. काही जणींचं नाव वहीत आहे, आणि गुरुजी प्रोसिडिंगची वही घेऊन वावरात येतात, ‘मावशी, इथे एक अंगठा द्या.’ वरचं पान कोरं असतं. आपल्या आज्यांनी सावकाराला कोऱ्या कागदावर अंगठे दिले, त्यात जमिनी गेल्या. आपण मिटिंगमध्ये बसून, वाचून घेऊनच अंगठा द्यायचा. गुरुजी आपले वैरी नाहीत. चांगले गुरुजी तर म्हणतात, समिती येऊन बसली तर आम्हालाच वर बोलायला जोर येतो. दोन शिक्षकांच्या शाळेत तेही कागदांखाली दबलेले आहेत.

तर कामाचं बोलू. पौर्णिमेच्या आत प्रत्येक पाड्याने तीन गोष्टी करायच्या. पहिलीतल्या प्रत्येक पोराची जातीची नोंद बघून यायची आणि चुकली असेल तिथे अर्ज द्यायचा. कामाला जाणाऱ्या घरांतल्या पोरांची यादी करायची. आणि प्रोसिडिंगच्या वहीची शेवटची तीन पानं वाचायची. रजिस्टर दाखवलं नाही तर भांडत बसू नका, तारीख आणि वेळ लिहून आणा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा आहे, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तेही लागत नाहीत, उत्तराला ३० दिवसांची मुदत. अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर ठेवलेत, जाताना घेऊन जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आत्ताच सांगा, आठवी-नववीच्या पोरी बसल्यात तिथे, त्या भरून देतील.

मी बसतो. वरच्या पाड्याच्या बाया गेल्या वर्षी हंगामी वसतिगृहाच्या यादीसाठी पंचायत समितीत दोन दिवस बसल्या होत्या, त्यांनी पुढे यावं आणि कसं केलं ते सांगावं.