नजरेला दोरी लावा
(पाम येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



७ ऑगस्ट २०२१ हा शनिवार तुम्हाला नीरज चोप्राच्या भाल्यामुळे लक्षात असेल. त्याच दिवशी सकाळी, गोल्फची काठी कधी हातातही न धरलेली माणसं टीव्हीसमोर बसून टोकियो ऑलिंपिकमधलं गोल्फ बघत होती. अदिती अशोक चौथी आली. चार दिवसांचा खेळ, ७२ भोकं, आणि पदक हुकलं ते एका फटक्याने. ती काही फार लांब मारणारी खेळाडू नव्हे. तिला तिथवर नेलं ते पटिंगने, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हलकेच भोकात ढकलण्याच्या कामाने.

गोल्फ म्हटलं की आपल्याला चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब आठवतो, आणि पाम-बोईसरला हा खेळ परका वाटतो. पण आज मी ज्याबद्दल बोलणार आहे, ती गोष्ट इथल्या प्रत्येक फिटरच्या रोजच्या कामातली आहे. ती म्हणजे अलाइनमेंट, दोन गोष्टी एका रेषेत आणणं.

माझी उमेदीची वर्षं पंप आणि मोटारी जुळवण्यात गेली. नवशिका असताना एकदा घाईत मी पंप आणि मोटार जोडणारं कपलिंग नुसत्या नजरेने जुळवलं. मला ते सरळ दिसत होतं, अगदी शपथेवर सांगितलं असतं. पंप चालू झाला, थरथरू लागला आणि काही दिवसांतच बेअरिंग गेलं. वरिष्ठांनी डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक, लावून दाखवलं, तेव्हा काटा हलताना मी पाहिला. त्या दिवशी एक गोष्ट कायमची समजली: वाकडं असलेलंही डोळ्याला सरळ दिसू शकतं, आणि डोळा ते स्वतःहून कधीच सांगत नाही.

निवृत्तीनंतर भाच्यामुळे गोल्फच्या हिरवळीवर पाय ठेवला आणि तिथे हाच धडा पुन्हा भेटला. आकडेच पाहा. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटर रुंद, म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत ५४. तीन मीटरवरून मारलेला चेंडू एका अंशाने चुकला, तर भोकापाशी तो ५२ मिलिमीटर बाजूला असतो, जेमतेम कडेवर. जरा जोर जास्त झाला की कड चाटून पुढे जाणार. दोन अंश चुकला तर भोकाला शिवतही नाही. आणि एक अंश म्हणजे किती? पटरचं, म्हणजे पटिंगच्या काठीचं, तोंड १०० मिलिमीटर रुंद धरलं, तर त्याचं एक टोक दुसऱ्याच्या पावणेदोन मिलिमीटर पुढे. चेंडू कुठल्या दिशेने सुटणार हे मुख्यतः या तोंडावर ठरतं. हात कुठून कुठे गेला, याचा वाटा त्यामानाने थोडा.

खेळाडू मात्र दोष देतो हाताला. बहुतेक वेळा हात बिचारा जिथे तोंड वळलंय तिथेच चेंडू पाठवत असतो. चूक फटक्याच्या आधीच झालेली असते, उभं राहताना. डोळे चेंडूच्या रेषेच्या आत किंवा बाहेर असले की रेषा तिरकी दिसते. प्रेशर गेज बाजूने वाचलं की काटा भलत्याच आकड्यावर दिसतो, तसंच हे.

म्हणून सरावाची साधनं. महागडी मिळतात, पण आपल्या घरात आणि वर्कशॉपमध्ये तीच आहेत.

पहिलं, एक मीटरची स्टीलची पट्टी. सपाट फरशीवर ठेवा, एका टोकाला चेंडू ठेवा आणि पट्टीवरूनच मारा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद असेल आणि चेंडू शेवटपर्यंत खाली घसरला नाही, तर तुमची चूक एका अंशाच्या आत आहे. इतका स्वस्त आणि इतका स्पष्टवक्ता गुरू दुसरा नाही.

दुसरं, दोरी. सुतार सूत मारतो तशी खडूची रेघ मारा, किंवा दोन काड्यांना दोरा ताणून बांधा. पटरचं तोंड त्या रेषेशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून तपासा. पहिल्यांदा तपासणाऱ्याला बहुधा धक्काच बसतो.

तिसरं, आरसा. साधा आरसा जमिनीवर आडवा ठेवा, त्यावर काळ्या टेपची सरळ पट्टी चिकटवा आणि पट्टीवर चेंडू ठेवून उभे राहा. खाली बघितल्यावर स्वतःचे डोळे त्या पट्टीवर दिसले पाहिजेत.

चौथं, दार. चेंडूच्या हातभर पुढे दोन टी, म्हणजे चेंडू टेकवायच्या खुंट्या, खोचा, मधून चेंडू जेमतेम जाईल एवढी फट ठेवा. दारातून सुटला तो चेंडू रेषेत सुटला. उताराच्या हिरवळीवरही हेच दार कामी येतं, कारण तिथे नेम भोकावर धरायचा नसतो. चेंडू वळून भोकाकडे यावा म्हणून तो उताराच्या वरच्या बाजूला धरायचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यातलं एकही साधन सामन्यात चालत नाही. तिथे दिशा दाखवायला जमिनीवर काही ठेवता येत नाही. २०१९ पासून तर खेळाडू पवित्रा घेत असताना कॅडीने, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या साथीदाराने, त्याच्या मागे रेषेत उभं राहणंही नियमाबाहेर आहे. चेंडूवर आखलेली रेघ तेवढी चालते. म्हणून रोज दोरी लावूनच खेळणाऱ्याची नजर पांगळी होते. दहा फटके दोरीने मारा, मग दोरी काढा आणि दहा नुसत्या नजरेने मारा. पुन्हा दोरी लावून नजर किती सरकली ते बघा. डायल गेज लावून कोणी पंप चालवत नाही. अलाइनमेंट झाली की गेज काढायचं, आणि ठरल्या मुदतीने पुन्हा लावायचं.

आपल्या गावातल्या मुलांचा नेम चांगला आहे. गोट्यांत आहे, कॅरमवर आहे, क्रिकेटच्या थ्रोमध्ये आहे. त्यांना कोणी सांगत नाही ते एवढंच, की नेम जन्माने मिळाला तरी तो तपासून घ्यावा लागतो. पालकांना माझी विनंती आहे. मूल चुकलं की "नीट बघ" एवढंच म्हणून थांबू नका. ते नीटच बघत असतं. त्याच्या शेजारी बसा, एक दोरी ताणा आणि त्याची नजर कुठे चुकते ते त्याला त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्या.