विद्यामंदिराचा विस्तार आणि दारातला दुकानदार
(भाषणाचा संपादित अंश)



1968 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि राहुरीचे नाव देशभर पोहोचले. महात्मा फुले यांच्या नावाच्या या विद्यापीठाने डाळिंबाच्या 'भगवा' वाणासारखी देणगी शेतकऱ्याला दिली. त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु हे वैभव डिग्रस, सडे, वरवंडी, खडांबे अशा गावांच्या जमिनींवर उभे आहे. जमीन देणाऱ्यांच्या वारसांना नोकरीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, हेही विसरता येणार नाही.

ज्यांच्याजवळ सातबारा होता, त्यांची ही अवस्था! मग त्या शेतीवर जगणारा सुतार, लोहार, किराणा दुकानदार यांची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

हाच प्रश्न आज शिक्षणसंस्थांच्या प्रवेशद्वारांशी उभा आहे. विस्तार, रुंदीकरण, सुशोभीकरण ठरले की प्रथम हटतात ती चहाची टपरी, वह्यापुस्तकांचे दुकान, खानावळ. खेड्यातून आलेल्या गरीब मुलाला महिनाअखेरीपर्यंत उधारीवर जेवू घालणारा मनुष्य एका दिवसात 'अतिक्रमण' ठरतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कोलंबिया विद्यापीठाने सुमारे 17 एकरांवर विस्तार योजला. तेथे गोदामे होती, एका शीख कुटुंबाचे पेट्रोलपंप होते. मालकांनी विक्रीस नकार दिला. शासनाने परिसर 'बकाल' ठरविला आणि 2010 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचे संपादन वैध मानले. तेथे 'बकाल', येथे 'अतिक्रमण'. एका शब्दाने माणूस पुसला जातो.

आपली परंपरा निराळी आहे. नालंदेचा योगक्षेम शंभरावर गावांच्या उत्पन्नातून चाले, अशी नोंद चिनी यात्रेकरूंच्या वृत्तांतांतून मिळते. समाज विद्येला पोसत होता. विद्येने समाजाला उठविले नाही. आपल्या जिल्ह्याला 2024 साली ज्यांचे नाव लाभले, त्या चौंडीच्या कन्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर आणून वसविले. राजधानी वाढविताना त्यांनी कारागीर वसविला, हे ध्यानी घ्यावे.

कायदाही अगदीच मुका नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांना किमान 25 हजार रुपयांच्या एकरकमी साहाय्याची तरतूद आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वी विक्रेत्याला हटविण्यास मनाई केली आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. मात्र कागदावरचा हक्क टपरीपर्यंत पोहोचवायला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे कार्यकर्ता. आराखडा जाहीर होण्याची वाट न पाहता प्रत्येक दुकानाची नोंद करा. पावत्या, परवाने, वीजबिले जपून ठेवायला सांगा. संस्थाचालकांना भेटा आणि नव्या संकुलात जुन्या दुकानदारांना प्रथम गाळे मिळावेत, असा आग्रह धरा. संघर्षाची वेळ संवादाने टळत असेल, तर संवाद आधी व्हावा.

पंडित दीनदयाळजींनी 1965 साली एकात्म मानव दर्शन मांडले. त्यातील अंत्योदयाची कसोटी अशा ठिकाणीच लागते. विद्यापीठ वाढलेच पाहिजे. पण त्याच्या दारातला शेवटचा दुकानदार त्या वाढीत उभा राहिला, तरच तो विकास आपला म्हणता येईल.