माळव्यातील भजनाची रात्र

गाणे घरी येऊ लागल्यापासून माणसाने गाण्याच्या घरी जाणे बहुतेक सोडून दिले आहे. कळ फिरवावी आणि हवा तो गायक दिवाणखान्यात आणून बसवावा, ही सोय लहानसहान नव्हे. तिच्यामुळे उत्तम संगीत सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लोकसंगीताच्या बाबतीत ह्या सोयीस एक मर्यादा आहे. लोकगीत नुसत्या स्वरांचे बनलेले नसते. ते कोण गातो, कोणासमोर गातो, रात्रीच्या कोणत्या प्रहरी गातो आणि ऐकणारा कोठे बसलेला असतो, ह्या साऱ्यांचे मिळून ते बनते. यंत्रातून स्वर तेवढे येतात, बाकीचे सारे गावातच राहते.

हे बाकीचे काय असते, ते पाहण्यासाठी इंदुरातील पाच स्नेही एका शनिवारी माळव्यातील एका खेड्यात गेले. एक वकील, एक डॉक्टर, एक अध्यापिका व तिचे यजमान आणि पाचवा बँकेत नोकरीस असलेला तरुण, अशी ही मंडळी. घरची भाषा मराठी; पण चार पिढ्या होळकरांच्या इंदुरात गेल्यामुळे सकाळच्या पोहे-जिलबीइतकेच माळवी बोलणेही अंगवळणी पडलेले. इंदुराहून देवास सुमारे पस्तीस किलोमीटर, आणि तेथून आग्ऱ्याच्या रस्त्याने मक्सी जवळजवळ तितकेच. मक्सीच्या पलीकडे आत वळल्यावर काळ्या जमिनीत गहू आणि हरभरा उभा होता, आणि त्यांच्या मधून त्या खेड्याची वाट जात होती. तेथे त्या रात्री कबीराच्या भजनांचा छोटासा उत्सव भरावयाचा होता.

वाटेत देवासास मोटार थांबली, ती केवळ चहासाठी नव्हे. पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे हे जुने गाव मराठी रसिकांस एका निराळ्या कारणाने प्रिय आहे. १९२४ साली बेळगावकडील सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी क्षयाने जर्जर होऊन येथे आले. वय अवघे तेवीस. गाण्यास वैद्यांची मनाई; एक फुप्फुस निकामी झाल्यासारखे. पडल्या पडल्या कानांवर जे आले ते बायकांच्या ओव्यांसारखी माळवी गीते आणि दारावरून भिक्षा मागत जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. गळा बंद असता कान उघडे राहिले, आणि त्या कानांनी जे साठविले त्यातून पुढे त्यांच्या धुनउगम रागांची व निर्गुणी भजनांची समृद्धी निघाली. १९९२ साली त्यांचे देहावसान झाले ते देवासासच.

ह्यावरून मोटारीत एक वाद सुरू झाला. वकिलांचे म्हणणे असे, की कुमारांनी खाणीतील हिरा काढून त्यास पैलू पाडले. आता खाणीत उतरण्याचे प्रयोजन काय? अध्यापिकाबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, ज्यांना तुम्ही खाण म्हणता ती माणसे आहेत. त्यांनी ही भजने कोणा कलावंताने उचलावीत म्हणून जपून ठेवली नाहीत. ती त्यांना स्वतःलाच हवी होती." वाद तेथेच राहिला, कारण गाव आले.

उत्सव म्हणजे शाळेपुढील पटांगणात एक मांडव, खाली सतरंज्या, वर दिव्यांची माळ. रात्री नऊच्या सुमारास आसपासच्या खेड्यांतील मंडळ्या ट्रॅक्टरांतून व मोटारसायकलींवरून जमू लागल्या. दिवसा शेतमजूर, गवंडी, शिक्षक असलेली ही माणसे. मुख्य गायकाच्या एका हातात पाचतारी तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. साथीस ढोलक, मंजिरी, टिमकी आणि पेटी. पंढरीच्या वाटेवरची वीणा आणि चिपळ्या ज्याने पाहिल्या आहेत त्यास हा थाट परका वाटत नाही. तसा तो परका नाहीही. नामदेवांचे नाव कबीराच्या पदांत आदराने येते, आणि महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयात कबीराच्या कथा आहेत. ज्ञानदेवांचे गुरू निवृत्तिनाथ ज्या नाथपरंपरेचे, तिचीच पाऊले माळव्यातील भजनांत पदोपदी उमटलेली दिसतात.

पंधराव्या शतकातील काशीचा विणकर माळव्यात माळवी बोलतो, हे प्रथम चमत्कारिक वाटते. बीजक, शिखांचा आदिग्रंथ आणि राजस्थानातील संतवाणीची हस्तलिखिते, ही कबीरवाणीची जुनी लिखित साधने होत. ह्या मांडवात गाइली जाणारी कित्येक भजने त्यांत सापडत नाहीत. अखेरच्या ओळीत कबीराची नाममुद्रा आली, की ते पद कबीराचे. पंडितास हा निकष सैल वाटेल. परंतु मुखपरंपरेस ग्रंथाचा न्याय लावता येत नाही. शेकडो वर्षे ज्यांनी गाइले त्यांनी त्यात आपलेही घातले, आणि नाव मात्र कबीराचेच ठेवले.

गाण्याची रीतही पाहण्याजोगी. दोन कडव्यांच्या मध्ये गायक थांबतो आणि साध्या बोलीत अर्थ सांगतो. मग पुन्हा तंबुरा छेडतो. ह्याच भागातील लुणियाखेडी गावचे प्रल्हादसिंह टिपाणिया ह्यांनी ही पद्धत दूरवर नेली. व्यवसायाने शाळाशिक्षक असलेल्या ह्या गायकास २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी देवासास एकलव्य ह्या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात कबीर भजन व विचार मंच चालविला. तेथे मंडळ्या गात, आणि गाइलेल्या पदाचा आपल्या जगण्याशी काय संबंध ह्याची चर्चाही करीत.

हा प्रश्न पोकळ नाही. माळव्यात कबीर गाणारे बहुसंख्य लोक दलित समाजातील आहेत. जन्माने कोणी उंच नाही, हाडामांसाचे घडे एकाच मातीचे, ही पदे ज्यांच्या वाडवडिलांस विहिरीवर पाणी भरू दिले गेले नाही ते गातात, तेव्हा त्या शब्दांचे वजन निराळे होते. मध्यरात्रीनंतर एका वृद्धाने देहनगरीचे व एकट्या उडून जाणाऱ्या हंसाचे पद गाइले. आवाज फाटलेला, स्वर दोन ठिकाणी ढळलेला. तरी मांडवात कोणी हालले नाही. वकीलसाहेब प्रथम ताल धरून बसले होते. त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला.

पहाटे गाणे थांबले आणि जेवणाची तयारी झाली. दाल-बाफले, वर तुपाची धार. यजमान गृहस्थ पाहुण्यांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आपण आमच्याकडे जेवाल ना?" प्रश्न आतिथ्याचा होता, तरी त्यात एक क्षणभराचा संकोच होता. त्या संकोचाचे वय फार मोठे आहे, हे सर्वांच्या ध्यानात आले. पाचही जण पंगतीत बसले. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली तेव्हा यजमानांच्या चेहऱ्यावरील ताण उतरला.

परतीच्या वाटेत बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी बँकेतील तरुण म्हणाला, "आज आपण त्यांच्या पंगतीला बसलो, ह्याचे फार कौतुक नको. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या मावशींचा कप अजून फळीवर वेगळा ठेवलेला असतो." अध्यापिकाबाईंचे यजमान म्हणाले, "आमच्याही." वकिलांनी ह्यावर काही युक्तिवाद केला नाही.

लोकसंगीताच्या उत्सवास जाणाऱ्या शहरी रसिकाने हे ध्यानी ठेवलेले बरे. जावे ते रात्रभर बसण्याच्या तयारीने. दोन पदे ऐकून, चित्रे काढून परतू नये. आवडीचे पद गाण्याचा आग्रह धरू नये. गायकास जे सुचेल ते ऐकावे. मंडळीस यथाशक्ती द्यावे, आणि ते उपकार म्हणून नव्हे. परंतु खरी दक्षिणा ह्याहून निराळी आहे. हे गाणे ऐकणाऱ्यास एक प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर मांडवात देता येत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात, त्या फळीपाशी उभे राहून द्यावे लागते. कप एका ओळीत आले, तर ती रात्र खऱ्या अर्थाने ऐकली असे म्हणता येईल.