माळवदाचं घर नवं करताना

घर जुने झाले, हाती चार पैसे आले, की पहिला विचार येतो तो रंगाचा आणि फरशीचा. ते करावेच. पण त्याआधी एकदा माळवदावर चढा आणि कुदळीने उकरून पाहा, माती किती आहे?

गळती लागली की आपण पांढऱ्या मातीचा नवा थर देतो. जुना काही काढत नाही. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, आपणही दिला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन ओझे! काही घरांवर ती दोन फूटही निघते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे गेली. बहुतेकांवर कोसळल्या त्या दगडमातीच्या भिंती. जाड भिंत म्हणजे मजबूत, अशी आपली समजूत. पण ती आतून एकसंध नसते. बाहेर एक पदर, आत एक पदर आणि मध्ये चिखलात कोंबलेले गोटे. हादरा बसला की पदर सुटतात. खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र पुष्कळ घरांत उभा राहिला. आणि आज आपण काढायला निघतो ते नेमके खांबच! का, तर मोकळा हॉल हवा.

तेव्हा खांब राहू द्या. वाळवी लागली असेल तर बदला. खांब आणि तुळई जिथे भेटतात, तिथे सुताराकडून तिरपा लाकडी ताण बसवून घ्या. माती वीतभरच ठेवा, तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला. भिंतीला साधारण तीन-तीन फुटांवर आरपार भोक पाडून, टोके वळवलेली सळई घालून ते काँक्रीटने भरले, की दोन्ही पदर एकमेकांना धरतात. मात्र हे इंजिनिअरला दाखवूनच करा. घण मारू नका. दगड हलक्या हाताने सोडवा, आज एक इथला, उद्या एक तिथला. नाहीतर औषधानेच रोगी जायचा!

गुरुजींनी वर्गात पुस्तकांच्या दोन चळती चिकटून उभ्या कराव्यात आणि मेज हलवावे. मग मधूनमधून एखादे पुस्तक दोन्ही चळतींवर आडवे घालून पुन्हा हलवावे. पोरांना फळ्यावर काही लिहून द्यावे लागणार नाही.

काम होळीनंतर काढा. आधी माळवदाचे ओझे उतरवा, मगच भिंतीला हात लावा, आणि मृगाच्या आत माती परत बसवून घ्या.