तलवार गेली, भाडं थकलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं केळापूर तसं लहान गाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याला नाव आमच्या गावाचं, पण कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्याला. दाखला हवा असला की केळापूरच्या माणसानं पांढरकवड्याची वाट धरायची. नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, अशा गावात राहणाऱ्या माणसाला मी आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे तो जरा लवकर कळतो, असा माझा दावा आहे. सिनेमा जपानी आहे. त्याचं नाव 'गिंतामा'. या नावात एक वात्रट श्लेषही आहे, पण तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही.

पन्नाशी ओलांडलेला, बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस जपानी विनोदी मारधाडीचा सिनेमा कशाला बघेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण माझी धाकटी बारावीला आहे आणि तिला चित्रकला महाविद्यालयात जायचं आहे. तिच्या वह्यांचे समास मोठाल्या डोळ्यांच्या, उभ्या केसांच्या माणसांनी भरलेले असतात. "चित्रं काढून पोट भरत नाही," असं मी तिला एकदा सुनावलं. स्वयंपाकघरातून तिची आई हसली. कविता करणाऱ्या माणसानं हे वाक्य उच्चारावं, याला ती हसली असणार. मी गप्प बसलो. त्या रात्री जेवण झाल्यावर मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. "अब्बू, आधा घंटा देखो. फिर जो बोलना है बोलो."

घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, बाजारात वऱ्हाडी, आणि कविता मी मराठीत लिहितो. त्यात आता जपानी आवाज आणि खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी. ती ओळी वाचायची आणि मला सांगायची. अर्ध्या तासाचे दोन तास कधी झाले, कळलं नाही.

जपानमध्ये चित्रकथेला मांगा म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की मुलांचं वाचन, असं आपण धरून चालतो. तिकडे मोठी माणसंही मांगा वाचतात. साप्ताहिकांचे जाडजूड अंक निघतात, स्वस्त कागदावर, बहुतेक काळ्या शाईत. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची, हे ऐकून मला बरं वाटलं. माझ्या आजोबांची उर्दू पुस्तकंही त्याच बाजूनं उघडायची. 'गिंतामा' ही हिदेआकी सोराची यांची मांगा 2003 च्या डिसेंबरात 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली आणि 2019 मध्ये संपली. तिचे 77 खंड आहेत. हे सोराची स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की गोरिला काढतात. माणूस तिथंच आवडून जातो. या मांगावर 2017 मध्ये दिग्दर्शक युइची फुकुदा यांनी खऱ्याखुऱ्या नटांना घेऊन सिनेमा केला.

गोष्ट अशी. जुनं एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो. तिथं परग्रहावरचे लोक उतरले आणि त्यांनी कारभार हातात घेतला. सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली. खऱ्या इतिहासातही अशी बंदी 1876 मध्ये आली होती. ती मात्र जपानच्या सरकारनंच घातली होती. आता ज्याला तलवारीशिवाय काही येत नाही त्यानं काय करावं? नायक गिंतोकी मिळेल ते काम करतो. हरवलेलं मांजर शोधून दे, कुणाचं छप्पर नीट करून दे, असली कामं. घराचं भाडं कायम थकलेलं, मालकीण दारात उभी. गोड खायची खोड, आणि एवढा बाप्या माणूस असून दर आठवड्याला पोरांसोबत 'जंप'चा अंक वाचतो. कमरेला लाकडी तलवार. तिच्यावर एका तळ्याचं नाव कोरलेलं, सहलीला गेल्यावर आठवण म्हणून विकत आणतात तसली.

मला हसू आलं आणि पोटात काहीतरी हललंही. मी बी.ए. झालो तेव्हा गावात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नोकरी मिळाली नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये पावत्या लिहिल्या, लग्नपत्रिकांचे मजकूर लिहिले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लोक आदरानं 'कविराज' म्हणायचे आणि काम सांगायचे शटरवर नाव रंगवायचं. तेव्हा हे असं हसून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुख्य मुद्दा. कागदावरचं चित्र माणसाच्या अंगावर चढवलं की ते बिघडतं, असा माझा समज होता. त्याला कारण 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू 1991 पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला. आमच्याकडे तो रोजच्या पेपरातून नाही, नंतर निघालेल्या छोट्या पुस्तकांतून आला. माझा थोरला ती पुस्तकं मोठ्यानं वाचायचा. त्याचा चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या सगळे वऱ्हाडी बोलायचे. जोशीकाकू तर आमच्या शेजारच्या काकूंच्या आवाजात ओरडायच्या. 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी 'चिंटू'वर सिनेमा केला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्याचे आईबाबा. पोरांचं मैदान हातचं जातं आणि ती ते परत मिळवायला धडपडतात, अशी गोष्ट. सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा थोरला पाच मिनिटांत माझ्याकडे वळून म्हणाला, "हा काऊन असा बोलून राह्यला?" पोरगं गोड होतं, काम चांगलं करत होतं. पण आमच्या घरातला चिंटू गेला होता. कागदावर चिंटूला आवाज नसतो, म्हणून तो ज्याचा त्याला मिळतो. पडद्यावर आवाज एकच. तीन-चार चौकटींत मावणारी गंमत दोन तास ताणायची तर मधे खलनायक आणावा लागतो, हाणामारी आणावी लागते. त्यात दोष कुणाचाच नाही. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत वाचक हसत असतो. ती जागा कॅमेऱ्याला सापडत नाही.

फुकुदांनी या अडचणीचं काय केलं? त्यांनी ती लपवलीच नाही. गिंतोकीचं काम करणारा शुन ओगुरी देखणा नट, पण त्याच्या डोक्यावरचा रुपेरी केसांचा टोप हा टोप आहे हे दिसतं. एलिझाबेथ नावाचा एक पांढरा, बदकासारखा प्राणी आहे. तो म्हणजे कापडी सोंगात शिरलेला माणूस, हेही दिसतं, आणि तो बोलायचं असलं की पाटी दाखवतो. कागुराचं काम करणारी कान्ना हाशिमोतो ही तिकडची सुंदर नटी, आणि ती पडद्यावर खुशाल नाकात बोट घालते, कारण मांगातली कागुरा घालते. जिरो सातो नावाचा नट स्वतःच्या मनानं संवाद लांबवत नेतो आणि शेजारच्या नटांना हसू आवरताना नाकी नऊ येतात. एरवी असले तुकडे कापून टाकतात, इथं ठेवले आहेत.

मला आमच्याकडची खडी गंमत आठवली. लहानपणी रात्र रात्र बघितलेली. लुगडं नेसलेला नाच्या, तोंडाला पावडर, आणि पावडरीखालून डोकावणारी मिशीची निळी रेघ. तो बाई आहे असं कुणालाच वाटायचं नाही, आणि तरी त्याच्या विरहाच्या गाण्याला म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावायच्या. सोंगाड्या मधेच थांबून पुढं बसलेल्या पाटलाची टोपी काढायचा. खोटं आहे हे दोन्ही बाजूंनी एकदा मान्य केलं की त्यात पुष्कळ खरं बोलता येतं. हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मैं वही बोल रही थी."

सिनेमात उणिवा आहेत. पहिला तास भुंगेरे पकडण्याच्या वेडेपणात मजेत जातो. उत्तरार्धात 'बेनिझाकुरा' नावाच्या राक्षसी तलवारीची गोष्ट सुरू होते आणि मारामारी लांबत जाते. सगळे गंभीर झाले की तो टोप खरोखरच टोप वाटू लागतो. पण त्या गोष्टीत लोहार बहीणभाऊ आहेत. भाऊ बापाच्या पुढं जायच्या ईर्षेनं पेटून ती राक्षसी तलवार घडवतो. ती धरणाऱ्यालाच खात सुटते. बहीण तेत्सुको गुपचूप स्वतःची एक साधी तलवार घडवते. शेवटी गिंतोकीच्या हातात तीच कामाला येते. हा प्रसंग आला तेव्हा माझी मुलगी ओळी वाचून दाखवायची थांबली. मीही विचारलं नाही. त्या वेळी काय चाललं होतं ते इंग्रजीशिवाय कळत होतं.

सध्या ती एक चित्रमालिका काढते आहे. केळापूरचा एक म्हातारा दाखल्यासाठी पांढरकवड्याला खेपा घालतो, तीन चौकटींत. संवाद मी लिहून द्यायचे. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चौकटीला चार ओळी दिल्या. तिनं दोन शब्द ठेवले आणि बाकीचं खोडलं. मी जरा रागावलो. नंतर पाहिलं तर म्हाताऱ्याच्या पिशवीला तिनं एक ठिगळ काढलं होतं. माझ्या खोडलेल्या ओळी त्या ठिगळात होत्या.

नागपूरच्या प्रवेशाच्या फॉर्मवर मी सही केली आहे. तिथल्या खोलीच्या भाड्याचं काय करायचं, त्याचा हिशेब अजून जमायचा आहे.