परक्या मुलखाचा नाटककार, आपल्या घरची गोष्ट



मागच्या आठवड्यात वर्ग सुटताना एका बाईंनी मला विचारले, "गुरुजी, टीव्हीवर कुणीतरी शेक्सपियरचं नाव घेतलं. चारशे वर्षांमागचा साहेब म्हणं. त्याची नाटकं अजून कशी काय चालत्यात? आणि आमच्यासारख्या रानात राबणाऱ्यांना त्याचा काय उपेग?"

प्रश्न मोलाचा आहे. त्याचे उत्तर आज देतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. इंग्रजीचा पंडित नव्हे. पण नाटकाचा नाद लहानपणापासूनचा. कोल्हापूरच्या माणसाला तो असायचाच.

आधी हा माणूस कोण ते ऐका. विल्यम शेक्सपियर १५६४ साली इंग्लंडात जन्मला. गाव स्ट्रॅटफर्ड, नदीकाठचे. वडील चामड्याचे हातमोजे करून विकत. हे वडील कागदावर सही करीत नसत, नुसती खूण करीत. पुढे शेक्सपियरच्या धाकट्या मुलीनेही कागदावर खूणच केलेली आहे. म्हणजे बघा, जगातला एवढा मोठा लेखक, पण मागची पिढी खूण करणारी आणि पुढचीही खूण करणारी!

तो लंडन शहरी गेला. नाटक कंपनीत नट झाला. नाटके लिहू लागला. सुमारे सदतीस नाटके त्याच्या नावावर आहेत. १६१६ साली तो वारला. त्याची नाटके बघायला सरदार येत, तसेच कारागीर आणि नोकरमाणसेही येत. एक पेनी दिली की पुढच्या अंगणात उभे राहून नाटक बघता येई. त्यातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. पण नाटक कळत होते. तिकडेही तेव्हा बायकांची कामे पोरे करीत. आपल्याकडे बालगंधर्व, केशवराव भोसले करीत, तशीच.

आता कोल्हापूरचा संबंध सांगतो. हा ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

१८८१-८२ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय अवघे अठरा-एकोणीस. महाराजांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना बाजूला ठेवले होते. त्यांचे हाल होतात, अशी बोलवा होती. पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी त्याबद्दल लिहिले आणि कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिले होते, ती पत्रे कोर्टात खोटी ठरली. १८८२ साली लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले.

आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची गरिबी. त्यांनी तुरुंगात काय केले? शेक्सपियरचे 'हॅम्लेट' नाटक मराठीत आणले. नाव ठेवले 'विकारविलसित'. त्याची गोष्ट अशी. एका राजपुत्राचा बाप मरतो. चुलता गादी बळकावतो आणि आईशी लग्न लावतो. बापाला चुलत्यानेच मारले असे राजपुत्राला कळते. मग तो वेडाचे सोंग घेतो.

वेडा ठरवून बाजूला ठेवलेला राजा इकडे, आणि वेडाचे सोंग घेणारा राजपुत्र तिकडे! कोल्हापूरच्या राजासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातून हे नाटक मराठीत आले. पुस्तक १८८३ साली निघाले. त्याच वर्षी डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला गेले. नजरकैदेत, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय वीस. त्यांच्या गादीवर १८८४ साली दत्तक आले, ते आपले राजर्षी शाहू महाराज.

पुढे गणपतराव जोशी या थोर नटाने हे नाटक गाजवले. त्यात राजपुत्राचे नाव चंद्रसेन. प्रेक्षकांना इंग्लंड ठाऊक नव्हते. पण भाऊबंदकी ठाऊक होती. चुलत्याने गिळलेला वाटा ठाऊक होता. बाप गेलेल्या पोराचे दुःख ठाऊक होते. म्हणून नाटक चालले.

दुसरे उदाहरण देतो. 'ऑथेल्लो' नावाचे नाटक आहे. ते १८६७ सालीच महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी मराठीत केले. मग सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली त्याचाच 'झुंझारराव' केला. एक शूर सेनापती. बायको गुणाची, जीव लावणारी. पण त्याच्या हाताखालचा एक माणूस त्याच्या कानाला लागतो. बायकोच्या रुमालाचे निमित्त करतो. संशय वाढत जातो. शेवटी सेनापती स्वतःच्या हाताने बायकोचा जीव घेतो, आणि मग त्याला खरे कळते. हलक्या कानापायी मोडलेला संसार आपल्या गावात कुणी पाहिला नाही? तिथे रुमाल होता. आता मोबाईल असतो. एवढाच फरक.

तिसरी गोष्ट 'किंग लिअर'ची. ती मी मागे वर्गात सांगितली होती. एक म्हातारा राजा. तीन मुली. तो म्हणतो, "मी थकलो. राज्य तुम्हाला वाटून देतो. पण आधी सांगा, माझ्यावर कुणाची किती माया?" थोरल्या दोघी गोड गोड बोलतात. धाकटी म्हणते, "लेकीने करावी तेवढी माया मी करते. जास्त नाही, कमी नाही." राजाला राग येतो. तो धाकटीला काहीही न देता हाकलतो आणि सगळे थोरल्या दोघींना देऊन टाकतो. थोड्याच दिवसांत त्या दोघी त्याला नकोसा करतात. वादळाच्या रात्री म्हातारा उघड्यावर भटकतो. त्याला वेड लागते. शेवटी धाकटीच धावून येते. पण तिचाही जीव जातो, आणि तिला कवटाळून म्हातारा मरतो.

याच गोष्टीचा धागा घेऊन वि. वा. शिरवाडकर यांनी 'नटसम्राट' लिहिले. १९७० साली ते रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी म्हाताऱ्या नटाचे काम केले. तो नट आपले सारे मुलाला आणि मुलीला देऊन बसतो आणि शेवटी रस्त्यावर येतो. २०१६ साली त्याचाच सिनेमा निघाला. त्यात नाना पाटेकर होते. तुमच्यातल्या कित्येकांनी तो पाहिला असेल आणि डोळे पुसले असतील. तेव्हा बाई, शेक्सपियर तुमच्या घरी कधीच येऊन गेला आहे. फक्त नाव सांगितले नाही त्याने.

लिअरची गोष्ट सांगितली त्या दिवशी वर्गातले एक आजोबा गप्प बसून होते. जाताना म्हणाले, "गुरुजी, ही गोष्ट कुणी सांगितली तुम्हास्नी? ही आमच्या गल्लीतली हाय."

दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून एक कागद घेऊन आले. बक्षीसपत्राचा मसुदा होता. घर आणि दोन एकर रान मुलांच्या नावे करायचे होते. अंगठा द्यायचा तेवढा बाकी होता. मी वाचून दाखवतो म्हटले, तर म्हणाले, "न्हाई, मीच वाचतो." एकेक अक्षर लावत त्यांनी कागद वाचला. पाऊण तास लागला. कागदात सगळे होते. चतुःसीमा होत्या, गट नंबर होता. पण म्हातारा-म्हातारीने राहायचे कुठे, खायचे काय, याचा एक शब्द नव्हता.

आजोबा घरी गेले. मुलांना म्हणाले, "पोरांनो, देणार हाय. पण आमच्या पोटाचं त्यात लिवा." मुले वाईट नव्हती. कुणाच्या ते ध्यानातच आले नव्हते. त्यांनी कागद बदलून आणला. दोघांच्या हयातीपर्यंत घरात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट त्यात आली. खाली आजोबांनी अंगठा दिला नाही, सही केली.

हेही ध्यानात ठेवा. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ती रद्द करून घेण्यासाठी प्रांतसाहेबांच्या कचेरीत अर्ज करता येतो. म्हणून अट तोंडी ठेवू नये. लिहून घ्यावी.

शेवटी एक सांगतो. १६१३ साली लंडनला शेक्सपियरचे नाटकघर जळाले. छप्पर गवताने शाकारलेले. नाटकात तोफ उडवली आणि ठिणगी पडली. पुढच्या वर्षी ते पुन्हा बांधले. आपल्या खासबागेतले नाटकघर शाहू महाराजांनी बांधले. १९१५ साली ते उभे राहिले. त्याला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री तेही आगीत सापडले. सारे कोल्हापूर हळहळले. लाकूड जळते, पडदे जळतात. पण माणसाच्या घरातली खरी गोष्ट ज्याने सांगितली, त्याचे नाटक जळत नाही. कुणी ना कुणी ते पुन्हा उभे करतो, आपल्या भाषेत, आपल्या माणसांची नावे देऊन.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. गोष्ट वाचा. कागदही वाचा. गोष्ट वाचताना स्वतःला विचारा, "यातला मी कोण?" आणि कागद वाचताना विचारा, "यात मी कुठे आहे?"