जुनी मोजपट्टी आणि नवा अंकदर्शक

(थळ, जिल्हा रायगड येथे औद्योगिक प्रशिक्षणाचे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी अगदी लहान वाटेल. मिलिंग यंत्रावर पूर्वीपासून बसविलेली मोजपट्टी शाबूत आहे, परंतु तिचे माप दाखविणारी पेटी, म्हणजे अंकदर्शक, निकामी झाली आहे. अशा वेळी नवा अंकदर्शक आणून त्याच जुन्या पट्टीशी जुळविता येईल काय? पुरवठादार बहुधा सांगतो की, पट्ट्या आणि पेटी असा सगळाच संच बदला. संस्थाप्रमुखाजवळ तेवढी तरतूद नसते, आणि मग चांगले यंत्र वर्षानुवर्षे कापड पांघरून उभे राहते. प्रशिक्षणार्थी मात्र त्याच्या शेजारून जातात आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडतात. हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्राचा नाही. सार्वजनिक पैशाचा आणि मुलांच्या उमेदवारीचाही आहे.

मी कला शाखेचा पदवीधर आहे. पुढे जे सांगणार आहे ते कारागिरांकडून आणि निदेशकांकडून समजून घेतलेले आहे, आणि ज्यांना यंत्रशास्त्र अवगत नाही परंतु खरेदीच्या कागदावर सही करावी लागते त्यांच्यासाठी ते मुख्यतः आहे.

थळच्या परिसरात हा विषय मांडण्यास कारण आहे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत प्रकल्पातून १९८५ साली येथे उत्पादन सुरू झाले आणि मासेमारी, भातशेती व बागायत यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे शब्द घराघरांत पोहोचले. आज मच्छीमार नौकेच्या इंजिनाचा दांडा दुरुस्त करावयाचा असो, त्यावर चावीची खाच कापावयाची असो किंवा पंपाचा सुटा भाग घडवावयाचा असो, कोणती तरी लहान कर्मशाळा आणि तिच्यातील एखादे जुने मिलिंग यंत्र कामास येते. त्या खाचेत दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरचीही चूक झाली तर चावी ढिली बसते आणि भर समुद्रात दांडा सुटा फिरू लागतो. अचूकतेला येथे प्रत्यक्ष अर्थ आहे.

अंकदर्शकाची गरज का पडावी, हे प्रथम पाहू. मिलिंग यंत्राच्या चाकावर खुणांची तबकडी असते. चाक फिरविले की आतला स्क्रू फिरतो आणि टेबल सरकते. परंतु तबकडी मोजते ती स्क्रूची फिरकी. टेबल खरोखर किती सरकले हे ती मोजत नाही. स्क्रू आणि नट झिजले की मध्ये मोकळीक निर्माण होते. कारागीर तिला 'प्ले' म्हणतात. चाकाची दिशा बदलली की ते थोडे रिकामेच फिरते आणि तबकडीवर अंक पडतो, पण टेबल जागचे हलत नाही. कसलेला कारागीर ही मोकळीक हाताने ओळखतो आणि नेहमी एकाच दिशेने मापावर येतो. टेबलालाच जोडलेली काचेची मोजपट्टी हा प्रश्न मुळातून सोडविते, कारण ती टेबलाची प्रत्यक्ष हालचाल मोजते.

या पट्टीची करामत अशी. काचेवर अतिशय सूक्ष्म रेषा आखलेल्या असतात. पुष्कळ प्रकारांत एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचे अंतर २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग असते. पट्टीवरून सरकणारे वाचक-शीर्ष, ज्याला कर्मशाळेत रीडर हेड म्हणतात, त्या रेषांतून येणाऱ्या प्रकाशाची उघडझाप टिपते आणि दोन विद्युत् संदेश पाठविते. हे दोन्ही संदेश एकमेकांच्या पाव आवर्तन मागे-पुढे चालतात. कोणता पुढे आहे त्यावरून दिशा समजते, आणि दोहोंच्या चढउतारांची मोजणी केली की एका रेषेच्या अंतरात चार पायऱ्या मिळतात. २० मायक्रॉनला चाराने भागले की ५ मायक्रॉन; बाजारात 'पाच मायक्रॉनची पट्टी' म्हणतात ती हीच. अंकदर्शकाचे मुख्य काम पायऱ्या मोजून त्यांचे मिलिमीटर करणे एवढेच आहे. म्हणूनच तो बदलता येतो. मात्र पट्टी ज्या भाषेत बोलते ती भाषा त्याला समजली पाहिजे.

आणि नेमके येथेच घोटाळे होतात. सर्व पट्ट्या एकाच भाषेत बोलत नाहीत. कित्येक पट्ट्या पाच व्होल्टचे चौकोनी संदेश देतात, ज्यांना टी.टी.एल. म्हणतात. काही एक व्होल्टचे लहरीसारखे संदेश देतात, तर काही जुन्या उत्तम पट्ट्या अकरा मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह देतात. काचेऐवजी चुंबकीय फितीवर अथवा अन्य तत्त्वावर चालणाऱ्या पट्ट्या आहेत आणि त्यांतील काही आपल्याच उत्पादकाच्या पेटीशी बोलतात. चौकोनी संदेशाची अपेक्षा करणाऱ्या पेटीला सूक्ष्म प्रवाहाची पट्टी जोडली तर अंक हलणारच नाहीत. मध्ये रूपांतरक बसवून काही जोड्या जमतात, परंतु त्याची किंमत धरूनच हिशेब केला पाहिजे.

दुसरा घोटाळा प्लगचा. नऊ पिनांचा प्लग अनेक उत्पादक वापरतात. तो नव्या पेटीत सहज बसतो, आणि बसला म्हणजे जुळला असा समज होतो. प्रत्यक्षात कोणत्या पिनेवर पाच व्होल्ट, कोणत्या पिनेवर शून्य आणि कोणत्यांवर संदेश, हा क्रम उत्पादकागणिक वेगळा असू शकतो. वीजपुरवठ्याची तार चुकीच्या पिनेवर गेली तर वाचक-शीर्ष क्षणात जळते, आणि जी पट्टी वाचविण्यासाठी हा सारा खटाटोप, तीच जाते. म्हणून प्लग लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पिनांचे तक्ते कागदावर शेजारी शेजारी काढावेत, मीटरने तपासावेत आणि गरज पडल्यास जोडतार नव्याने बांधून घ्यावी. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. घाई करणाऱ्याला ते फार वाटते, हे खरे.

संदेश जुळले की मापाची जुळणी येते. पट्टीची एक पायरी किती मायक्रॉनची, हे पेटीला सांगावे लागते. पट्टी १ मायक्रॉनची आणि पेटी ५ मायक्रॉनवर ठेवलेली असेल तर टेबल १०० मिलिमीटर सरकताच पेटी ५०० दाखवील. उलट असेल तर २० दाखवील. ३.९३७ असा अंक आला तर भिण्याचे कारण नाही. पेटी इंचांत बोलते आहे, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण त्याआधीची आणि परदेशातून आलेली इंची तबकड्यांची यंत्रे अजून कित्येक ठिकाणी चालू आहेत. तेथे तबकडी इंचांत आणि पेटी मिलिमीटरमध्ये, असा द्वैभाषिक संसार असतो. त्यानंतर दिशा पाहावयाची. टेबल उजवीकडे जाताना अंक वाढावेत की घटावेत, हे प्रत्येक अक्षासाठी पेटीत ठरविता येते.

मग पडताळणी. या बाबतीत मी आग्रही आहे. अंक हलू लागले की काम संपले असे समजणे फार धोक्याचे आहे. स्लिप गेज आणि डायल इंडिकेटर घेऊन पट्टीच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी मापे ताडून पाहावीत. तीही दोन्ही दिशांनी. तफावत अंतराच्या प्रमाणात सारखी वाढत असेल तर पेटीतील सुधारणा-गुणकाने ती दुरुस्त करता येते. पण ती एके ठिकाणी जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर पट्टी तिरपी बसली आहे, आत घाण आहे किंवा टेबलाचे मार्गच झिजले आहेत. साध्या गुणकाने तो दोष जाणार नाही, केवळ लपेल. तापमानाचेही भान हवे. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. पोलादाची एक मीटर लांबी दहा अंशांच्या वाढीने सुमारे ०.११५ मिलिमीटर वाढते. आपल्या किनाऱ्यावरील कर्मशाळा वातानुकूलित नसतात. निदान गेज, काम आणि यंत्र काही तास एकाच जागी राहून सारख्या उष्णतेला येऊ द्यावीत.

जुन्याशी नवे ताडून पाहण्याचा याहून भव्य दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडतील म्हणून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली, आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले. पण कुलाब्याचे काम लगेच थांबविले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून दोन जागांतील फरक नेमका कळावा आणि नोंदींची मालिका तुटू नये. डॉ. नानाभाई मूस त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते. ती मालिका पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली, आणि आज जगातील भूचुंबकीय नोंदींच्या दीर्घ मालिकांत तिची गणना होते. मिलिंग यंत्राजवळ दोन वर्षे थांबण्याची गरज नाही; एक दुपार पुरते.

खारी हवा हा आपला खास शत्रू. प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि अंक मध्येच उड्या मारतात. पेटी बिघडली अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा दोष याच थराचा असतो. म्हणून नवी पेटी मागविण्यापूर्वी पिना साफ कराव्यात आणि दोन अक्षांचे प्लग परस्परांत बदलून पाहावेत. दोष प्लगबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला तर पट्टी किंवा तिची तार दोषी. जागेवरच राहिला तर पेटी. मात्र दोन्ही पट्ट्या एकाच प्रकारच्या असतील तरच हा प्रयोग करावा. तारा उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात असावे.

आता अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द. मागणीपत्रात 'मिलिंग यंत्रासाठी डिजिटल रीडआऊट, नग एक' एवढेच लिहिले तर पुरवठादार त्याला सोयीचे तेच देणार. पट्टीच्या नामपट्टीवरील उत्पादक व क्रमांक, प्रत्येक अक्षाची लांबी, संदेशाचा प्रकार, पुरवठ्याचा दाब, एका पायरीचे माप, पिनांचा तक्ता आणि प्लगचे छायाचित्र मागणीपत्राला जोडावे. आपल्या यंत्रावर, आपल्या पट्टीवर चालवून दाखविल्यानंतरच स्वीकृती, अशी अट घालावी. आणि पडताळणीच्या मापांचा कागद देयकासोबत असावा. लेखापरीक्षकालाही तो समजेल.

प्रत्येक वेळी जुनी पट्टी वाचविलीच पाहिजे, असे मात्र मी म्हणणार नाही. काच तडकली असेल, वाचक-शीर्ष जळले असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर पूर्ण संच घेणेच स्वस्त पडते. तिनांपैकी एकच पट्टी गेली असेल तर मधला मार्ग आहे: प्रत्येक अक्षाचे पायरी-माप वेगळे ठरविता येणारी पेटी घ्यावी आणि तेवढी एक पट्टी नवी बसवावी. संदेशाचा प्रकार तेवढा सारखा हवा.

शिक्षकांना एक विनंती. अंकदर्शक चालू झाला तरी पहिले काही आठवडे मुलांना तबकडीवरच काम करू द्यावे. नंतर पेटी सुरू करून दोन्ही अंक वहीत शेजारी लिहावयास सांगावे. मोकळीक किती आहे ते त्यांना आकड्यांत दिसेल. बाहेरच्या लहान कर्मशाळेत अंकदर्शक असेलच असे नाही, आणि तेथे त्यांना तबकडीच वाचावी लागेल.